डोंगरकड्याला लावलेलं कुंकू

अन्वय आणि ईरा,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या आजोबांनी "अन्वयचं लग्न दीड दिवस ठरलेलं होतं" असं हसत हसत सांगून टाकलं आणि तेवढ्यात त्यांच्याच बोटानं कॉल बंद झाला. नंतर तुमच्या बाबाचा फोन आला. तो हसत नव्हता. आजोबा ही हकिगत आता गंमत म्हणून सांगू लागले आहेत आणि सांगताना ती दर वेळी थोडी बदलते. परवा शेजारच्यांना सांगताना त्यांनी तीत एक बैलगाडी घातली. बैलगाडी नव्हती. म्हणून ती आणखी बदलायच्या आत, जसं झालं तसं, क्रमानं लिहून ठेवते. ईरा, जिथे अडेल तिथे बाबाला विचार, मेलबर्नमध्ये दुसरं कोण सांगणार?

तुम्हाला आजोबांचे मित्र केळकरकाका आठवत असतील. ते गेले आणि आजोबांनी बोलणं कमी केलं. दोघांच्याच घरात एकानं बोलणं कमी केलं की दुसऱ्याला स्वतःच्या भांड्यांचा आवाज मोठा वाटू लागतो. आमच्या वयात नवे मित्र मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते जोडीनं येतात. लहानपणीची मैत्री दोघांत होते, लग्नानंतरची चौघांत व्हावी लागते. चार पायांचं ते टेबल कुठेतरी हलतंच.

आमचं रामेश्वरच्या यात्रेत हललं. बसमध्ये पलीकडच्या सीटवर माधवराव आणि त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई होते, हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याचे. माधवरावांनी दुसऱ्याच दिवशी आमचं मूळ गाव, कूळ, देवक सगळं विचारून घेतलं. आमचं देवक त्यांच्याहून वेगळं निघालं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. तो का, ते मला तेव्हा कळलं नाही. आजोबा आणि ते पत्ते खेळू लागले, सुपारी वाटून खाऊ लागले. आजोबा हसत होते! मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले, हे त्यांना आजही माहीत नाही.

चंद्रकलाबाईंशी मात्र माझं जमेना. मी बोलायला म्हणून त्यांना शेती, मुलं, सणवार विचारायची. चौथ्या दिवशी मदुराईच्या देवळाच्या पायरीवर त्या म्हणाल्या, "काहून एवढं इचारता हो तुमी? शाळा तपासायला आलात का?"

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं; प्रश्न विचारायची सवय तिथलीच.

यात्रेनंतर माधवरावांचा फोन रोज संध्याकाळी सातला येऊ लागला. आजोबा पावणेसातपासून फोन जवळ घेऊन बसत. माघात निरोप आला, "हुरड्याला समदेच येतात सायेब, तुमी हळदीला या." मी जायला तयार झाले ती आजोबांसाठी. मनात एकच धास्ती होती, माझ्यामुळे हे मोडायला नको.

नांदेडहून डोंगरकडा

तयारी मी नीट केली. चंद्रकलाबाईंसाठी जांभळी इरकल, त्यांची धाकटी मुलगी शिवकन्या हिच्यासाठी मोरपंखी साडी, पुण्याचे पेढे, आणि माझा चांदीचा कुंकवाचा करंडा, जो कुठेही जाताना माझ्याबरोबर असतोच. हे सामान लक्षात ठेवा.

सकाळी नांदेड स्टेशनवर माधवराव जीप घेऊन उभे होते. आजोबांना त्यांनी जवळजवळ उचललंच. अर्धापूर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी लागली, पानं वाऱ्यानं चिरलेली. मग उसाचे ट्रॅक्टर, मग एका वळणावर वास आला. ओल्या मातीचा, थोडा कडवट, थोडा औषधी. "हळद शिजून राहिली," माधवराव म्हणाले आणि आपलं बाळ दाखवावं तसा त्यांनी खिडकीबाहेर हात केला.

त्यांचं घर शेतातच आहे. घरासमोर लोखंडी ड्रमांतून वाफ फुसफुसत होती. शिजलेली हळद ओतली की ढिगावर ढगासारखी वाफ उठायची आणि बायका ती फावड्यानं जमिनीवर पसरायच्या. सगळ्यांचे तळवे, नखं, लुगड्यांचे काठ पिवळे. दारातलं कुत्रंही पोटाखाली पिवळं होतं.

मी विचारलं, शिजली हे कसं ओळखतात? चंद्रकलाबाईंनी एक हळकुंड उचललं, त्यात काडी टोचून आरपार काढली आणि माझ्या हातात दिलं.

"आणि किती वेळ लागतो? एका ड्रममध्ये किती मावते?"

"इचारून शिजत न्हाई ती," त्या म्हणाल्या.

आल्या आल्या तासाभरात पहिला गुण गेला.

जेवायला ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, ठेचा आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. आपण गोडा मसाला घालून आमटीला शांत करतो, हे तिला चेतवतात. माधवरावांनी विचारलं, कशी झाली? आजोबा म्हणाले, "झकास!" मी म्हणाले, "चव फार छान आहे, पण मला तिखट सोसत नाही."

शिवकन्या ओठ दाबून हसली. चंद्रकलाबाईंनी आजोबांच्या ताटाकडे पाहिलं. "सायेब खोटं बोलून राहिले. डोळ्यातून पाणी येऊन राहिलं, अन् म्हणे झकास." त्यांनी दोघांच्याही ताटात दही वाढलं, माझ्या ताटात जरा जास्त.

ओसरीवर

दुपारच्या चहाला भावकीतल्या बायका पाहुणे बघायला आल्या. सगळ्यांत पुढे सोजरबाई, माधवरावांची चुलत भावजय. बसायच्या आधीच बोलायला लागणारी बाई.

"पुण्याहून आलात? मंग इकडं कोन हाय तुमचं?"

"कोणी नाही. माधवरावांचं आणि यांचं मैत्र जमलं, म्हणून आलो."

"दोस्ती गड्यांची. बायकांचं काय लागतं?"

मी उठून भेटवस्तू आणल्या. आधी चंद्रकलाबाईंना हळदकुंकू लावून इरकल दिली. मग शिवकन्येला बोलावलं. ती आली, समोर बसली. आपल्याकडे कुमारिकेलाही कुंकू लावतात, तुम्हाला माहीत आहे. ईरा, तुला तर मी दर भेटीत लावते. मी शिवकन्येच्या कपाळाला कुंकू लावलं, तिच्या हातात नारळ आणि मोरपंखी साडी ठेवली, आणि पेढ्यांचा डबा उघडून तिचं तोंड गोड केलं. मग ओसरीवरच्या सगळ्यांना पेढे वाटले.

ओसरी एकदम गप्प झाली होती. मला वाटलं, पुण्याच्या पेढ्यांचा परिणाम.

सोजरबाई म्हणाली, "नातू हाय म्हणं तुमाला?"

"आहे की! सव्वीस वर्षांचा. मेलबर्नला असतो, इंजिनीअर." आणि अन्वय, मी फोनमधला तुझा समुद्रावरचा फोटो काढून फोन तिच्या हातात दिला. तो फोन पिवळ्या हातांतून सगळ्या ओसरीभर फिरून आला. अजूनही त्याच्या कव्हरवर डाग आहे.

"उंची बराबर हाय," कुणीतरी म्हणालं.

शिवकन्येनं आईकडे पाहिलं. चंद्रकलाबाई इरकल मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. मला वाटलं, रंग आवडला नाही. मुलगी माझ्या पाया पडली. तिचे हात थंडगार होते, तेवढं मात्र मला जाणवलं.

मग बाहेरून माधवराव आले. सोजरबाईनं त्यांच्या कानाशी काही सांगितलं आणि ते तसेच हळद लागल्या हातांनी आजोबांच्या गळ्यात पडले.

"व्याही! आवो, तोंडानं सांगायला लाजत व्हते, वैनीनं करून दाखवलं!"

आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीत दोन पिवळे पंजे उमटले. ते हसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की ते घाबरले आहेत.

मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. शिवकन्या चुलीपाशी पाठमोरी उभी होती. साडी तिनं अजून हातातच धरली होती.

"आजी," ती म्हणाली, "तुमी मला इचारलं पण न्हाई."

मग तिनं सांगितलं. या भागात मुलीला परक्या घरच्या थोरल्या बाईनं कुंकू लावून साडी दिली आणि तोंड गोड केलं, की मुलगी पसंत केली, मागितली. साखरपुडा नंतरचा, बोलणं इथेच पक्कं होतं. आणि ते मोडलं तर लोक मुलाला काही विचारत नाहीत, मुलीत काय खोट निघाली ते विचारतात.

"परवा आखाडा बाळापूरचे लोक येणार होते मला पाहायला. गजाननच्या घरचे. कळमनुरीला कॉलेजात होतो आमी दोघं. त्याच्या घरच्यांना इथपर्यंत आणायला दोन वर्षं लागली." हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही. "बाबा आता फोन लावायला गेलेत विहिरीकडं. येऊ नका म्हणून सांगायला."

घरात फोनला रेंज नव्हती, हे आमचं नशीब. मी चपला घालायच्या विसरून ढेकळांतून विहिरीपर्यंत गेले. माधवराव फोन उंच धरून गोल फिरत होते.

"माधवराव, तो फोन आज लावू नका."

"काहून, वैनी?"

"उद्या सकाळी सांगते. एवढं माझं ऐका."

त्यांनी माझ्या अनवाणी, मातीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. "तुमचा शब्द," ते म्हणाले आणि फोन खिशात टाकला. पण माझ्याकडे ज्या विश्वासानं त्यांनी पाहिलं, त्यानं मला आणखीच कसंतरी झालं.

केळीच्या बागेत

सूर्य कलल्यावर मी आजोबांना केळीच्या बागेत फिरायला नेलं. तिथे कुणी ऐकणार नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांना."

"आज नको. आनंदात आहे तो."

"म्हणूनच आज. जितका उशीर तितकं वाईट."

ते चालत राहिले. मग म्हणाले, "तो फोनवर म्हणायचा, सायेब, आपण सोयरे झालो तर? मी म्हणायचो, झालोच समजा. बोलण्यात बोलणं." एका देवकात लग्न होत नाही; बसमध्ये माधवरावांचा चेहरा का खुलला होता, ते मला आता कळलं.

"किती वेळा?"

"बऱ्याच वेळा."

"आणि तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत."

"नाही म्हटलं असतं तर फोन थांबला असता." ते एका केळीच्या खोडाला हात लावून उभे राहिले. "केळकर गेला. हा एकच राहिलाय गं."

पन्नास वर्षांच्या संसारात मी त्यांना खोटं बोलताना फार थोड्या वेळा पकडलं आहे, आणि दर वेळी मला राग आला होता. या वेळी राग येऊन टिकला नाही. पण शिवकन्येचे थंड हात मला आठवत होते. मी म्हणाले, "त्या मुलीची दोन वर्षं आणि आपली मैत्री, यांतलं एक जाणार असेल तर आपलं जाऊ दे." घराकडे परतताना आम्ही एकमेकांच्या मागे-पुढे चाललो, शेजारी नाही.

हळदीच्या खळ्यावर

सकाळी फुटाण्यांची डाळ घातलेला सुशीला खाल्ला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहे म्हणा. आपल्या पोह्यांपेक्षा हलका असतो. चंद्रकलाबाई खळ्यावर वाळत घातलेली हळद हातानं उलटत होत्या. मी पदर खोचून त्यांच्याशेजारी बसले आणि उलटू लागले. मग एका दमात सांगितलं. कुंकवाचा आमच्याकडचा अर्थ, अन्वयला यातलं काही माहीत नाही हे, आणि मुलगी मागण्याचा माझा विचार नव्हता हेही.

त्यांचे हात थांबले नाहीत. "मला कालच कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पाव्हण्यांना काय बोलावं? अन् मला वाटलं, शहरातली मान्सं, खरं सांगणार न्हाईत. दोन महिने व्हय व्हय करतील, मंग फोन उचलणं बंद करतील." त्यांनी एक दगड वेचून बाजूला फेकला. "एक सांगू का? राग येईल."

"सांगा."

"मला तुमी आवडत न्हाई."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मलाही तुमच्याजवळ बसलं की परीक्षेला बसल्यासारखं होतं."

त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. "तुमालाबी?" म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच."

आम्ही हसलो वगैरे नाही. पण पुढची ओळ आम्ही एका लयीत उलटली.

मग आम्ही दोघी ओसरीवर गेलो आणि मी माधवरावांना तेच सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला.

"म्हंजे समद्या गावात मी येडा ठरलो."

आजोबा खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं, ते आताही बोलणार नाहीत. पण ते खाली, माधवरावांच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी जमिनीवर बसत नाहीत. "चूक तिची नाही," ते म्हणाले. "तुम्ही विचारत होता आणि मी होय होय म्हणत होतो. मला तुम्ही हवे होतात, माधवराव. मुलगी मागायची म्हणून नाही. नुसतेच."

माधवरावांनी टोपी घातली नाही.

इतक्यात सोजरबाई आली. हातात दुधाचं भांडं आणि तोंडात प्रश्न. "मंग तारीख कवा काढता?"

शेवटी माधवरावांनीच घर सावरलं. माणूस मोठा आहे तो. "तारीख न्हाई, सोजरबाई. गैरसमज झाला. वैनी आजपासून माझी बहीण. बहिणीनं भाचीला लुगडं दिलं, बस."

सोजरबाईनं भांडं खाली ठेवलं आणि टाळी वाजवली. "मंग तं अजून बेस! आत्याच्या घरात पोरगी! हक्काची सोयरीक झाली की!"

मुलांनो, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्यात भाऊ-बहिणीच्या मुलाबाळांची लग्नं होतात. आत्याचं घर म्हणजे सोयरिकीचं घर. मी माधवरावांची बहीण झाले की शिवकन्येला माझ्या घरची वाट बंद होत नव्हती, उलट उघडत होती. चुकीवर कुलूप घालायला जावं आणि दारच उघडावं, तसं झालं. दोन बहिणींची लेकरं मात्र भावंडं. तिथे लग्नाचा विषयच संपतो. हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाच्या एकाच वेळी लक्षात आलं असावं, कारण सगळे चंद्रकलाबाईंकडे बघू लागले. मीसुद्धा.

म्हणजे ज्या दोघींचं जमत नव्हतं, त्यांनीच बहिणी व्हायला हवं होतं.

चंद्रकलाबाई आत गेल्या. मला वाटलं, गेल्या त्या गेल्याच. शिवकन्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिच्याकडे बघायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा अंगावर माझी जांभळी इरकल होती आणि हातात सूप. सुपात ओली हळकुंडं, गहू, खण. मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली. हळकुंडं अजून कोमट होती.

"सोजर, ऐकून घे अन् गावाला सांग, तुला सांगायची हौस हाय म्हणून. ही माझी बहीण. थोरली. मावशीनं भाचीला लुगडं घेतलं. याच्यात कोणाला तकलीफ हाय का?"

"कवापासून बहीण?" सोजरबाई म्हणाली.

"तू भांडं घेऊन आलीस तवापासून."

बाळापूरचे पाहुणे

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघणार होतो. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "मावशी हायस ना? मंग पाव्हणे येऊन जाईस्तोवर थांब." आदल्या दिवसापासून त्या मला एकेरी हाक मारत होत्या. मी थांबले.

बाळापूरहून गजाननचे वडील आणि आत्या आले. आत्या बारीक, तल्लख, पदर घट्ट. बसल्या बसल्या तिनं भिंतीपासून भांड्यांपर्यंत सगळं पाहून घेतलं. शिवकन्येनं मोरपंखी साडी नेसली होती. मी म्हणाले होते, आज ती नको. ती म्हणाली होती, "लपवून ठेवली तर खोटं वाटेल, मावशी."

आत्यानं पोह्याची बशी बाजूला ठेवली आणि थेट मला विचारलं, "तुमी कोन पोरीच्या?"

"मावशी."

"सख्ख्या का चुलत?"

शिवकन्या खाली बघत होती. माधवरावांच्या मांडीवरचा हात थांबला. "सख्खी" म्हटलं असतं तर तिथेच निभावलं असतं; कुणीही तपासायला पुण्याला येणार नव्हतं. चंद्रकलाबाई माझ्याकडे बघत होत्या, पण सांग किंवा सांगू नकोस यातलं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं.

"सख्खी नाही," मी म्हणाले. "कालपासूनची. परवा माझ्या हातून चूक झाली. आमच्या पद्धतीनं मी मुलीला कुंकू लावलं, साडी दिली. इथला अर्थ मला ठाऊक नव्हता. मुलगी मी मागितलेली नाही, माझ्या नातवाला यातलं काही माहीत नाही, आणि ती कुणाला दिलेली नाही. हे निस्तरायला ही बाई माझी बहीण झाली. आता मी ते नातं मोडणार नाही."

बाहेर एका ड्रमखालचं लाकूड फुटल्याचा आवाज झाला. आत्या माझ्याकडे पाहत राहिली.

"आमाला परवाच सांजच्याला कळलं व्हतं," ती म्हणाली. "या घरात कुंकू लागलं म्हणून. हा भाऊ म्हणाला, जाऊच नको. मी म्हटलं, जाऊन तं बघू. कोण काय सांगतंय ते बघू." मग तिनं बशी पुन्हा हातात घेतली. "पोरीला पाणी घेऊन येऊ द्या."

शिवकन्या पाणी आणायला वळली तेव्हा चंद्रकलाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. क्षणभरच. तो हात जड होता.

पाहुण्यांनी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. "कळवतो" म्हणून गेले.

परत

माधवरावांनी आम्हाला नांदेडपर्यंत सोडलं. वाटेत ते उसाबद्दल बोलले, केळीच्या भावाबद्दल बोलले, आजोबांनी त्यावर "हं हं" केलं. स्टेशनवर त्यांनी सामान उतरवलं, नमस्कार केला आणि गाडी यायच्या आधीच निघाले. येताना त्यांनी आजोबांना उचललं होतं. आजोबांनी पाठीत पिवळे पंजे असलेला तो सदरा अजून धुवायला टाकलेला नाही.

त्यानंतर सातचा फोन थांबला. आजोबा पुन्हा गप्प झाले. मी एकदा म्हणाले, तुम्हीच करा. ते म्हणाले, "काय तोंडानं?" आणि मीही पुढे बोलले नाही, कारण प्रश्न बरोबर होता. खरं बोलून मी त्या मुलीचं वाचवलं आणि यांचं घालवलं, असं त्या दिवसांत मला रोज वाटलं. आता सगळं नीट झालं म्हणून ते वाटणं मी पुसून टाकणार नाही.

मग बाळापूरहून होकार आला, आणि गेल्या आठवड्यात पत्रिका आली. लग्नपत्रिकेत तळाशी "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" अशी घरातल्या चिमुरड्यांची ओळ असते. तिथे अन्वय आणि ईरा अशी तुमची नावं छापलेली आहेत. अन्वय, तू सव्वीस वर्षांचा आहेस आणि तुझी आत्या, बाबाची ही मावसबहीण, तेवीस. पत्रिका वाचून आजोबा इतके हसले की मला त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं, आणि तेव्हापासून ते ही हकिगत सगळ्यांना सांगत सुटले आहेत.

माधवरावांचा फोन आता पुन्हा येतो, पण रोज नाही, आणि आला तर पीकपाण्यावरच बोलणं होतं. सोयरिकीचा विषय दोघेही काढत नाहीत. आजोबा तरी पावणेसातला फोन जवळ घेऊन बसतात. चंद्रकलाचा फोन दर रविवारी येतो. "जेवलीस का?" ती विचारते. मी जेवले म्हणते, मग हळदीचं, शिवकन्येचं, विहिरीच्या पाण्याचं विचारते, आणि ती म्हणते, काहून एवढं इचारतीस? आम्ही एकमेकींना आवडतो का, ते मला अजून सांगता येणार नाही. बहिणी आहोत, तेवढं टिकलं आहे.